उतारवयातली बद्धकोष्ठता : कोणतं रेचक कुणाला?

'पोट साफ होत नाही, कोणतं औषध देऊ?' असं विचारणारी बरीच पत्रं आली. ती या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न सारखा दिसला तरी उत्तर माणसागणिक बदलतं. मळ कुठे अडला आहे, कशामुळे अडला आहे, आणि त्या व्यक्तीची मूत्रपिंडं, हृदय व गिळण्याची क्षमता कशी आहे, यावर औषध ठरतं. खाली दिलेल्या मात्रा प्रौढांसाठीच्या नेहमीच्या आहेत. चालू औषधांची यादी आपल्या डॉक्टरांना दाखवूनच त्या पक्क्या कराव्यात.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे आहेत, हिंडते-फिरते आहेत. आठवड्यातून दोनदाच शौचाला होतं, तेही कुंथून, खड्यांसारखं. इसबगोल, लॅक्टुलोज, पीईजी पावडर आणि सेन्ना ही चार नावं वेगवेगळ्या लोकांनी सुचवली. यातलं सर्वात चांगलं कोणतं?

उत्तर : रेचक निवडण्याआधी वडिलांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम असलेली आम्लपित्ताची औषधं, रक्तदाबासाठीचं व्हेरापॅमिल, लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा मज्जातंतूच्या दुखण्यासाठी दिलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, कोडिन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल : यांतलं प्रत्येक औषध आतडं मंदावतं किंवा मळ घट्ट करतं. अशी दोन-तीन एकत्र चालू असतील तर त्यांतलं एखादं बदलून मिळतं का, हे आधी विचारा. थायरॉइड, साखर, कॅल्शियम आणि पोटॅशियम या तपासण्या बऱ्याच दिवसांत झाल्या नसतील तर त्याही करून घ्या.

आता चारांची तुलना. गिळायला त्रास नसलेल्या, मळ कडक होणाऱ्या ज्येष्ठाला आमची पहिली पसंती पीईजीला, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलला. मॅक्रोगॉल नावाने मिळतं तेही हेच. नेहमीची मात्रा दिवसातून एकदा १७ ग्रॅम, १२५ ते २५० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. पावडर आपल्यासोबत घेतलेलं पाणी मोठ्या आतड्यापर्यंत धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ राहतो. आतड्यातले जीवाणू तिला आंबवू शकत नाहीत, म्हणून गॅस फारसा होत नाही. परिणाम दिसायला १ ते ३ दिवस लागतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तिप्पट घेतली की चौथ्या दिवशी जुलाब लागतात. त्यामुळे मात्रा निदान तीन दिवसांनी बदलावी, तीही थोडी थोडी. नंतर काहींना रोज निम्मी मात्रा पुरते, काहींना दिवसाआड पूर्ण.

लॅक्टुलोजचं कामही पाणी ओढूनच चालतं. फरक असा की ही साखर आतड्यात शोषली जात नाही, जीवाणू तिला आंबवतात, आणि त्यातून आम्लं व वायू तयार होतात. म्हणून पोट फुगणं, गुडगुडणं, वारा सरणं हे तिच्याबरोबर आलंच. मात्रा १५ ते ३० मिलिलिटर, गरज पडल्यास दिवसाला ६० मिलिलिटरपर्यंत. परिणामाला २४ ते ४८ तास, कधी त्याहून जास्त. २०१० साली कोक्रेनच्या, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्यात १० चाचण्यांमधल्या ८६८ जणांची माहिती एकत्र केली होती. शौचाची वारंवारता, मळाचा मऊपणा, पोटदुखी आणि जादा औषधाची गरज या सगळ्यांत पीईजी सरस ठरलं. पण त्या चाचण्यांतले लोक ३ महिने ते ७० वर्षे वयाचे होते, म्हणजे तुमच्या वडिलांच्या वयाचं त्यात कोणी नव्हतं. तरीही उतारवयात पीईजी पुढे ठेवावं असं आम्हाला वाटतं, कारण मात्रा कमी-जास्त करणं सोपं असतं आणि पोट कमी फुगतं. लॅक्टुलोजने ज्यांचं छान चाललं आहे त्यांनी ते बदलण्याची गरज नाही. यकृताच्या जुनाट आजारात गुंगी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं लॅक्टुलोज तर स्वतःहून बदलूच नका. तिथे त्याचं काम पोट साफ करण्यापलीकडचं आहे.

सेन्ना आतड्याच्या भिंतीला ढोसून हालचाल वाढवतं. रात्री झोपताना एक किंवा दोन गोळ्या घेतल्या की ६ ते १२ तासांत, म्हणजे सकाळी, वेग येतो. गोळीतल्या सेनोसाइडचं, म्हणजे सेन्नातल्या गुणकारी घटकाचं, प्रमाण ब्रँडप्रमाणे बदलतं, तेव्हा गोळ्या मोजण्यापेक्षा मिलिग्रॅम वाचा. मळ कडक असताना नुसतं सेन्ना दिलं तर आतडं खड्यावर जोर करतं आणि कळा येतात. म्हणून आधी पीईजीने मळ मऊ करावा. तीन-चार दिवसांत मळ मऊ झाला पण वेगच येत नाही असं दिसलं, तर रात्री सेन्ना जोडावं. ही जोडी बहुतेकांना पुरते.

इसबगोलाचं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

प्रश्न : सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणून रोज रात्री इसबगोल देतो. पोट आणखी फुगलं आहे आणि शौच पाच-पाच दिवस होत नाही.

उत्तर : इसबगोल आजच थांबवा. भुशी पाणी शोषून फुगते, मळाचं आकारमान वाढतं, त्याने आतड्याची भिंत ताणली जाते आणि ताणलेली भिंत आकुंचन पावते, असा तिचा हिशेब आहे. यातली शेवटची पायरी व्हायला आतड्यात जोम लागतो, आणि आधीच्या पायरीला भरपूर पाणी. पडून असलेल्या, कमी पाणी पिणाऱ्या रुग्णाकडे दोन्ही नसतात. मग भुशी नुसती फुगून बसते आणि वाट आणखी बुजते. अन्ननलिकेत किंवा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ आल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. झोपण्याच्या वेळी देणं तर आणखी वाईट, कारण आडवं पडल्यावर घशातून उतरणारी लगदी अडकण्याचा धोका वाढतो.

पाच दिवस शौच नाही आणि पोट फुगलं आहे, तेव्हा गुदद्वारापाशी मळाचा गोळा साचला आहे का हे डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून बोट घालून तपासून घ्या. ही तपासणी मिनिटभराची असते आणि तिच्यावाचून पुढचं औषध अंधारात दिलं जातं. सोबत उलट्या होत असतील, वारा सरणं बंद असेल किंवा पोट ताठ झालं असेल, तर घरी काहीही न देता थेट रुग्णालयात न्या.

इसबगोल कुणाला चालतं? जो चालतो-फिरतो, नीट गिळतो, ज्याला पाणी कमी पिण्याचा सल्ला दिलेला नाही आणि ज्याची तक्रार सौम्य आहे त्याला. साधारण ३.५ ग्रॅम भुशी पूर्ण ग्लासभर, म्हणजे २४० मिलिलिटर पाण्यात ढवळून, जेलीसारखी होण्याआधी लगेच प्यायची, वर आणखी थोडं पाणी. सुरुवात निम्म्या मात्रेने करून एक-दोन आठवड्यांत वाढवायची, म्हणजे फुगारा कमी होतो. परिणाम १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर असावं. थायरॉइडची गोळी तर त्याच्या जवळपासही नको.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. चार-पाच दिवसांपासून कपड्यांत सारखं पातळ शौच होतं, म्हणून जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी दिली. आता ती बेचैन आहे, लघवीही नीट होत नाही. हे कशाने?

उत्तर : तुमच्या पत्रावरून आमची पहिली शंका अशी की हे जुलाब नसून कडक मळ अडकल्याची खूण आहे. लोपेरामाइड बंद करा आणि आजच आईंना डॉक्टरांना दाखवा.

होतं असं की गुदाशयात मळाचा घट्ट गोळा बसतो. त्याच्या वर साचलेला पातळ मळ गोळ्याच्या कडेने वाट काढत झिरपतो. ताणल्या गेलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट होते, त्यामुळे आईंना ते बाहेर येतंय हे कळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मात्र जुलाबच दिसतात. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयाच्या तोंडावर दाब देतो आणि लघवी तुंबते. ज्यांना बोलून सांगता येत नाही अशांच्यात बेचैनी, चिडचिड, रात्रीचा गोंधळ हीच तक्रार असते. लोपेरामाइडने आतड्याची उरलीसुरली हालचालही थांबते.

ओळखायच्या काही खुणा आहेत. खऱ्या जुलाबात मोठ्या प्रमाणात पातळ शौच होतं आणि मध्ये विश्रांती असते. झिरपण्यात थोडं थोडं, दिवसभर, न कळत होतं, वास उग्र असतो, आणि त्याआधी काही दिवस नीट शौच झालेलं नसतं. डाव्या ओटीपोटात हाताला कधी गाठीगाठी लागतात. खात्री मात्र बोट घालून केलेल्या तपासणीनेच होते. गुदाशय रिकामा सापडला तरी गोळा वर असू शकतो. तेव्हा पोटाचा एक्स-रे मदत करतो.

उपचाराचा क्रम महत्त्वाचा आहे. गोळा खाली आणि दगडासारखा असेल तर आधी खालून वाट मोकळी करायची : ग्लिसरिनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची, आत विरघळणारी वडी), कोमट पाण्याचा किंवा तेलाचा एनिमा, गरज पडली तर प्रशिक्षित नर्सने बोटाने हळूहळू तुकडे करून काढणं. ते दुखतं, म्हणून आधी सुन्न करणारी जेली लावावी, आणि हृदयविकार असलेल्यांच्यात नाडीवर लक्ष ठेवावं, कारण या वेळी नाडी एकदम मंदावू शकते. साबणाच्या पाण्याचा एनिमा देऊ नये, आतड्याचं अस्तर त्याने भाजल्यासारखं होतं. खाली वाट झाल्यावर वरचा साठा पीईजीने काढतात. क्षार मिसळलेल्या १३.८ ग्रॅमच्या पुड्या असतील तर ठरलेली पद्धत अशी : ८ पुड्या १ लिटर पाण्यात, ६ तासांत थोड्या थोड्या करून, जास्तीत जास्त ३ दिवस. हृदय कमजोर असेल तर कुठल्याही एका तासात २ पुड्यांपेक्षा जास्त नाही. फार अशक्त व्यक्तीला हेच कमी मात्रेत, जास्त दिवस पसरवून देतात. आतडं बंद पडलेलं नाही हे पाहिल्याशिवाय यातलं काही सुरू करायचं नाही. तुमच्या आईंच्या बाबतीत हे घरी स्वतःहून करू नका.

तुंबलेलं सगळं निघाल्यावर औषध थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत परत तोच प्रकार होतो. रोजचं पीईजी त्याच दिवसापासून सुरू ठेवावं आणि शौचाची नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर करावी : तारीख, साधारण किती, कसं. 'रोज होतं' एवढ्यावर विसंबू नये. रोज थोडंसं होऊनही आत साठा वाढत असतो.

प्रश्न : मी ७४ वर्षांची आहे. गेली कित्येक वर्षं रात्री बिसाकोडिलची गोळी घेते. त्याने आतडं कायमचं लुळं पडतं म्हणतात. बंद करू का?

उत्तर : बिसाकोडिलही सेन्नासारखंच आतड्याची हालचाल वाढवतं. योग्य मात्रेत घेतलेल्या बिसाकोडिल किंवा सेन्नाने आतड्याच्या नसा मरतात, ही भीती पुढच्या अभ्यासांत खरी ठरलेली नाही. सेन्नाने आतड्याच्या अस्तरावर काळपट डाग पडतात हे खरं, पण ते निरुपद्रवी असतात आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत जातात. त्यामुळे घाबरून एकाएकी बंद करू नका.

तरीही गोळीची 'सवय' लागल्यासारखी का वाटते, हे समजून घ्या. बिसाकोडिलने एका वेळी बरंच आतडं रिकामं होतं. ते पुन्हा भरायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत शौच न होणं स्वाभाविक आहे. माणूस मात्र घाबरून दुसऱ्याच रात्री पुन्हा गोळी घेतो, आणि हे चक्र वर्षानुवर्षं चालतं. करून पाहण्यासारखं हे : रोज सकाळी पीईजी सुरू करा, बिसाकोडिल आठवडाभर एकाआड एक रात्री घ्या, मग दोन रात्रींआड, मग फक्त तिसऱ्या दिवशीही शौच झालं नाही तरच. मधले एक-दोन दिवस काही झालं नाही तर हरकत नाही.

मात्रा ५ मिलिग्रॅमपासून, जास्तीत जास्त १०. गोळीवरचं आवरण ती जठरात विरघळू नये म्हणून असतं. ती फोडून, चावून किंवा कुटून घेऊ नका. दूध किंवा आम्लपित्ताचं औषध यांच्या आगेमागे तासभर घेऊ नका, नाहीतर आवरण वरच विरघळून पोटात मुरडा येतो. गोळी गिळवत नसेल तर सोडियम पिकोसल्फेटचे थेंब हा त्याच जातीचा पर्याय आहे. २०२३ साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शनात पीईजी, पिकोसल्फेट आणि बिसाकोडिल यांची ठाम शिफारस आहे, पैकी शेवटच्या दोघांची थोड्या काळासाठी किंवा अधूनमधून घेण्यासाठी. सेन्ना, लॅक्टुलोज, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि तंतुमय पूरकांची शिफारस त्याहून सौम्य शब्दांत केली आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. तुम्ही लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेत असाल आणि रेचकाने वारंवार पातळ शौच होत असेल, तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी पोटॅशियम मोजून घ्या.

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं काम करतं हे दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे, हृदयाची ताकद कमी असल्याने पाणीही मोजून द्यायला सांगितलं आहे. मिल्क ऑफ मॅग्नेशिया वर्षानुवर्षं घरात आहे. ते चालेल का? आणि एनिमा?

उत्तर : मिल्क ऑफ मॅग्नेशिया त्यांना देऊ नका. त्यातलं थोडं मॅग्नेशियम रक्तात जातं आणि ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं असतं. ते जमलं नाही की मॅग्नेशियम साचतं : सुस्ती, स्नायूंत अशक्तपणा, रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं. म्हातारपणाची मरगळ समजून हे सहज दुर्लक्षित होतं. पोट साफ होण्याच्या पुष्कळ सिरपांत मॅग्नेशियम, लिक्विड पॅराफिन आणि पिकोसल्फेट एकत्र असतात, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचा. लिक्विड पॅराफिन आम्ही कुठल्याच अशक्त ज्येष्ठाला सुचवत नाही. गिळताना त्याचा अंश फुप्फुसात गेला तर खोकल्यावाचून, गुपचूप, तेलामुळे होणारा न्यूमोनिया होतो.

फॉस्फेटचा तयार एनिमाही टाळा. तो आत अडकून राहिला तर फॉस्फेट रक्तात चढतं, कॅल्शियम पडतं, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत यातून मृत्यू झाले आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये सोडियम फॉस्फेटच्या तोंडाने आणि गुदद्वारातून घ्यायच्या औषधांबद्दल इशारा दिला : २४ तासांत एकापेक्षा जास्त मात्रा नको, आणि ५५ वर्षांवरच्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. 'पहिल्या एनिमाने काही झालं नाही म्हणून दुसरा दिला' ही सर्वात घातक चूक आहे.

वडिलांसाठी साधं, क्षारविरहित पीईजी ठीक. त्यासाठीचं १२५ मिलिलिटर पाणी दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातच धरा. क्षार असलेल्या प्रत्येक पुडीत साधारण १८७ मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणून पुडीवरचं लेबल बघून घ्या. लॅक्टुलोज हाही त्यांना चालणारा पर्याय आहे. इसबगोल नको, कारण त्याला लागणारं पाणी त्यांच्या वाट्याला नाही.

प्रश्न : कर्करोगाच्या दुखण्यासाठी मॉर्फिन सुरू झालं. पोट कधीपासून सांभाळायचं?

उत्तर : पहिल्या गोळीपासून. मॉर्फिनची गुंगी आणि मळमळ काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र कमी होत नाही. आतडं या औषधाला सरावत नाही. सेन्ना किंवा बिसाकोडिल रोज रात्री, आणि मळ कडक असेल तर सोबत पीईजी. मॉर्फिनची मात्रा वाढली की रेचकाचीही वाढवायची. इसबगोल इथेही नाही. मळ मऊ करण्यासाठी दिला जाणारा डॉक्युसेट एकटा पुरत नाही. औषध नसलेल्या, दिसायला सारख्या गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांत त्याचा वेगळा फायदा जवळपास दिसलेला नाही. नीट मात्रेत रेचकं देऊनही भागलं नाही तर नॅलॉक्सेगॉल किंवा मिथाइलनॅल्ट्रेक्सोनसारखी, मॉर्फिनचा परिणाम फक्त आतड्यावरून उठवणारी औषधं आहेत. वेदना त्याने परत येत नाहीत. आतडं बंद झालेलं असेल तर मात्र ती देता येत नाहीत.

प्रश्न : पक्षाघातानंतर वडिलांना पाण्याने ठसका लागतो, म्हणून सगळी पेयं दाट करून देतो. पीईजीही तसंच दाट करून देऊ का?

उत्तर : दाट करायची पावडर स्टार्चची असेल तर नाही. पीईजी मिसळलं की स्टार्चचं घट्ट झालेलं पेय पुन्हा पातळ होतं. समोर कपात दाट दिसलेलं पेय काही मिनिटांत पाण्यासारखं होऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. झँथन गमची पावडर याबाबतीत बरी, तरी आपल्या वाचोपचारतज्ज्ञांना विचारून, मिसळल्यावर दहा मिनिटं थांबून, दाटपणा टिकला का हे चमच्याने पाहून मगच द्या. नाहीतर लॅक्टुलोज घ्या. ते मुळातच पाकासारखं असतं.

प्रश्न : सपोझिटरी ठेवली की नुसतीच विरघळून बाहेर येते. औषध वाईट की पद्धत?

उत्तर : बहुधा पद्धत. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवा. हातमोजा घाला. सपोझिटरी पाण्याने ओली करा, व्हॅसलीन लावू नका, त्याने औषध भिंतीपर्यंत पोचत नाही. गुदद्वाराची घट्ट कडी ओलांडेपर्यंत, साधारण अडीच ते चार सेंटिमीटर आत सरकवा. कडीच्या आधीच सोडली तर ती लगेच बाहेर येते. बिसाकोडिलची सपोझिटरी बाजूला वळवून गुदाशयाच्या भिंतीला टेकवा. मळात खुपसली तर वाया जाते. ग्लिसरिनची सपोझिटरी मळात घातली तरी चालते, कारण तिचं काम मळ ओलसर करण्याचंही आहे. ग्लिसरिनला १५ ते ३० मिनिटं, बिसाकोडिलला १५ ते ६० मिनिटं द्या. न्याहारीनंतर ठेवली तर आतड्याचा स्वतःचा जोरही मदतीला येतो.

प्रश्न : मळ मऊ आहे, औषधं सगळी करून झाली, तरी बाहेर यायलाच अर्धा तास लागतो. बोटाने मदत करावी लागते. नवीन औषध कोणतं?

उत्तर : मळ मऊ असूनही अडतो, म्हणजे अडचण आतड्याची नसून दाराची आहे. जोर करताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल व्हायला हवेत. काहींचे ते उलट आवळले जातात. यावर कितीही रेचक वाढवलं तरी नुसते पातळ जुलाब होतात आणि अडण्याची भावना तशीच राहते. तपासणी सोपी आहे : गुदाशयात ५० मिलिलिटर पाणी भरलेला लहान फुगा ठेवून तो बाहेर टाकायला किती वेळ लागतो ते पाहतात. मिनिटभरात जमलं तर ठीक. यावर उपचार म्हणजे बायोफीडबॅक, स्नायू सैल सोडायचं प्रशिक्षण. स्मरणशक्ती शाबूत असेल तर ऐंशीच्या घरातली माणसंही ते शिकतात.

तोवर बसण्याची पद्धत सुधारा. कमोडवर बसताना पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट, गुडघे कमरेपेक्षा वर, किंचित पुढे झुकून कोपरं मांड्यांवर. श्वास रोखून कुंथू नका, त्याने रक्तदाब खाली-वर होऊन चक्कर येते. खुब्याचा सांधा बदलला असेल तर कंबर किती वाकवायची हे शल्यविशारदांना विचारल्याशिवाय पाट वापरू नका. न्याहारीनंतर २०-३० मिनिटांनी बसा, दहा मिनिटांत झालं नाही तर उठा.

नवीन औषधांबद्दल विचारलं आहे म्हणून : आतडं मंद असलेल्यांसाठी प्रुकॅलोप्राइड आहे, ६५ वर्षांवरच्यांना सुरुवात दिवसाला १ मिलिग्रॅमने. पहिले काही दिवस डोकेदुखी आणि मळमळ होते, चार आठवड्यांत फरक नसेल तर पुढे रेटण्यात अर्थ नाही. लिनाक्लोटाइड न्याहारीआधी ३० मिनिटं, उपाशीपोटी; त्याचा मुख्य त्रास जुलाबांचा, जो अशक्त माणसाला जड जातो. ल्युबिप्रोस्टोन जेवणासोबत, नाहीतर मळमळ. साधी औषधं योग्य मात्रेत, पुरेसे दिवस देऊन पाहिल्यावरच यांच्याकडे वळावं.

प्रश्न : कोणत्या परिस्थितीत रेचक देत न बसता तपासणी करावी?

उत्तर : शौचावाटे रक्त, अकारण वजन घटणं, रक्तक्षय, किंवा आयुष्यभर नीट असलेली सवय उतारवयात काही आठवड्यांत बदलणं. यात मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहायचं. मूळव्याध आहेच म्हणून रक्त तिथूनच येतंय असं गृहीत धरू नये.

प्रश्न : रेचक चालू असताना जुलाब लागले तर?

उत्तर : मळ नुसता मऊ, विस्कळीत झाला असेल तर पीईजी किंवा लॅक्टुलोज निम्मं करा, पूर्ण बंद नको. पाण्यासारखं तीन-चार वेळा झालं तर सगळी रेचकं थांबवा, क्षार-साखरेचं पाणी द्या, आणि लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची गोळी त्या दिवशी घ्यायची का हे डॉक्टरांना फोन करून विचारा. त्याआधी एकदा मागचे दिवस आठवा : जुलाबांपूर्वी चार-पाच दिवस शौच झालं नसेल, तर मळ अडकून झिरपणं तर नाही ना, हे तपासून घ्या. जुलाब थांबल्यावर पूर्ण एक दिवस जाऊ द्या आणि निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करा.